गायकाचे पारपत्र : कृपेपासून हक्कापर्यंत

सीमेपलीकडच्या गायन-कार्यशाळेचे निमंत्रण आले की गायकाला आज रियाझाआधी कागदपत्रे घेऊन बसावे लागते. पारपत्र, व्हिसाचा अर्ज, आयोजकांचे पत्र, बँकेचा उतारा, राहण्याच्या सोयीचा पुरावा, असा तो सारा संभार असतो. केंद्रीय सेवेत असल्यामुळे ओळखीचे संगीतशिक्षक अशा वेळी मला दूरध्वनी करतात. त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : गाणे शिकवायला जायचे, त्यासाठी एवढे कागद कशाला? याचे उत्तर नियमपुस्तिकेपेक्षा इतिहासात अधिक सापडते.

१३ सप्टेंबर १९१० रोजी बडोद्याचे गायक-वीणावादक इनायत खाँ आपला भाऊ व चुलतभाऊ यांच्यासह अमेरिकेला निघाले. बडोद्यात गायनशाळा स्थापन करणारे मौलाबक्ष हे त्यांचे आजोबा. भारतीय संगीत पश्चिमेला ऐकवावे, हा या प्रवासाचा हेतू होता. त्या काळी हिंदुस्थान सोडताना अथवा अमेरिकेत उतरताना पारपत्राची सक्ती नव्हती.

ही सक्ती पहिल्या महायुद्धाने आणली. १९१७ मध्ये भारत संरक्षण कायद्याखाली पारपत्राचे नियम झाले आणि युद्ध संपल्यावर ते लोपण्याऐवजी १९२० च्या अधिनियमाच्या रूपाने स्थिरावले. गंमत अशी की, हा अधिनियम भारतात प्रवेश करण्यापुरताच होता. देशाबाहेर जाण्यास पारपत्र हवे, असे कोणताही कायदा सांगत नव्हता. मात्र परदेशात पारपत्राशिवाय कोणी उतरू देत नसल्याने जहाज वा विमान कंपन्याही त्याविना प्रवासी नेत नसत. त्यामुळे पारपत्र देणे वा नाकारणे ही सर्वस्वी सरकारची मर्जी ठरली. नकाराचे कारण सांगण्याचे बंधनही नव्हते.

फाळणीने या मर्जीची धार संगीताला जाणवून दिली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. त्यांच्या शिष्या रोशनआरा बेगम १९४८ मध्ये पाकिस्तानात गेल्या आणि एकाच गुरूचे शिष्य दोन देशांचे नागरिक झाले. त्याच वर्षी जुलैत पश्चिम पाकिस्तानातून येण्यासाठी परवाना आवश्यक झाला, तर ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांत पारपत्र व व्हिसा यांची पद्धत सुरू झाली. कसूरचे बडे गुलाम अली खाँ यांचे गाव सीमेपलीकडे गेले होते. त्यांना भारतात परतून राहायचे होते. मोरारजी देसाई यांच्या साहाय्याने १९५७ मध्ये त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले. हा निर्णय उचितच होता. परंतु प्रशासनाचा विचार करताना मला एक गोष्ट खटकते : ज्याच्या मागे मोरारजींसारखे वजन नव्हते, अशा साध्या गवयाने कोणाचे दार ठोठवावे?

या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर १९६७ मध्ये मिळाले, आणि तेही एका व्यावसायिकामुळे. सतवंत सिंग साहनी यांना सरकारने पारपत्रे परत करण्यास सांगितले, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १० एप्रिल १९६७ रोजी न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला की, परदेशप्रवास हा अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असून कायद्याविना तो रोखता येणार नाही. त्यानंतर त्याच वर्षी पारपत्र अधिनियम झाला. नकाराची कारणे ठरली, ती लेखी नोंदवणे बंधनकारक झाले, अपिलाची तरतूद आली. १९७८ च्या मनेका गांधी खटल्याने कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे, हेही जोडले.

उरलेले अर्धे उत्तर मात्र कोणत्याही न्यायालयाच्या हाती नाही. स्वदेशातून बाहेर जाणे हा हक्क झाला, तरी दुसऱ्या देशात प्रवेश ही त्या देशाची मर्जीच राहिली. १९७४ च्या भारत-पाक करारानुसार व्हिसा ठराविक शहरांपुरता मिळे, २०१२ मध्ये नियम काहीसे सैल झाले, आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द करून अटारीची चौकी बंद केली. १९२० चा अधिनियमही १ सप्टेंबर २०२५ रोजी गेला व त्याची जागा आप्रवास व विदेशी व्यक्तींविषयीच्या नव्या कायद्याने घेतली.

म्हणून दूरध्वनी करणाऱ्यांना मी तीन गोष्टी सांगतो. पारपत्र नाकारले गेले तर ओळखी शोधण्याआधी लेखी कारणे मागा. तो तुमचा अधिकार आहे. व्हिसाच्या अर्जात प्रवासाचा खरा हेतू लिहा. मानधन घेऊन शिकवणे अनेक देशांत पर्यटनात मोडत नाही. आणि आजोबांच्या तंबोऱ्यावर हस्तिदंत जडवलेले असेल, तर तो घरीच ठेवा. कागदांचा कंटाळा येणे स्वाभाविक आहे. पण ज्या काळात या कागदांसाठी मंत्र्याचा शब्द लागत असे, त्यापेक्षा नियमांनी भरलेला अर्ज सामान्य गायकाला अधिक न्याय देतो, असे माझे मत आहे.