झूम भिंग व विवाहछायाचित्रण

ज्या भिंगसंहतीचे केंद्रांतर दोन मर्यादांच्या दरम्यान सलगपणे बदलता येते आणि त्यामुळे छायाचित्रकाराला आपली जागा न सोडता प्रतिमेचा आकार लहानमोठा करता येतो, तिला झूम भिंग म्हणतात. विवाहसमारंभाच्या छायाचित्रणात या भिंगाला आज जे स्थान आहे, ते त्याला फार उशिरा लाभले. स्थिरचित्रणाच्या ३५ मिमी. कॅमेऱ्यासाठी झूम भिंग १९५९ साली उपलब्ध झाले. तथापि अंधुक प्रकाशातील विवाहविधी त्याच्या साहाय्याने भरवशाने टिपता येऊ लागण्यास आणखी सुमारे तीस वर्षे जावी लागली. या विलंबाचे कारण छायाचित्रकारांच्या पुराणमतवादात शोधले जाते, पण ते मुख्यतः प्रकाशाच्या हिशोबात आहे.

विवाहविधीत छायाचित्रकाराला दोन गोष्टींवर ताबा नसतो : प्रकाश आणि स्वतःची जागा. महाराष्ट्रातील गोरजमुहूर्ताचा विवाह हे याचे चांगले उदाहरण होय. मुहूर्त सूर्यास्ताच्या सुमाराचा. मंगलाष्टके सुरू होताना आकाशात असलेला उजेड ती संपेपर्यंत बराच ओसरलेला असतो. अंतरपाट दूर होतो, वधूवर एकमेकांना माळा घालतात, अक्षता पडतात आणि पाहतापाहता आप्तेष्टांचा गराडा पडतो. हे सर्व अर्ध्या मिनिटात घडते व पुन्हा घडत नाही. या वेळी छायाचित्रकाराला मागे सरकण्यास जागा नसते आणि पुढे जावे तर पुरोहित व मामा यांच्या मध्ये उभे राहावे लागते. सगळा मंडप एका चित्रात आणि लगेच पुढच्या चित्रात वधूचा चेहरा हवा असेल, तर केंद्रांतर बदलणे किंवा दुसरा कॅमेरा हाती घेणे एवढेच मार्ग उरतात. यूरोपीय चर्चमधील विवाहातही अडचण हीच असते, तेथे भर पडते ती शपथविधी चालू असताना फ्लॅश वापरण्यास अनेक ठिकाणी असलेल्या मनाईची.

भिंगाची प्रकाशग्राही शक्ती छिद्रांकाने दर्शविली जाते. केंद्रांतरास प्रवेशछिद्राच्या व्यासाने भागले असता हा अंक मिळतो. अंक जितका लहान तितका प्रकाश अधिक. एफ/४ पेक्षा एफ/२·८ ला दुप्पट, एफ/२ ला चौपट आणि एफ/१·४ ला आठपट प्रकाश मिळतो. ज्या सभागृहात सुमारे ८० लक्स प्रदीपन आहे (विजेच्या साध्या दिव्यांनी उजळलेल्या कार्यालयात ते याहून फारसे अधिक नसते) तेथे एफ/२·८ छिद्रांक व १०० आयएसओ संवेदनक्षमतेची फिल्म घेतल्यास उद्भासनकाल १/४ सेकंद इतका येतो. ४०० आयएसओला तो १/१५, १,६०० ला १/६० आणि ६,४०० ला १/२५० सेकंद होतो. माळ घालणारा हात गोठलेला दिसण्यास साधारणपणे १/१२५ सेकंद किंवा त्याहून कमी काळ लागतो. झूम भिंगाचा विवाहमंडपातील प्रवेश इतकी वर्षे का अडला, हे या आकड्यांवरून कळते.

अधिक प्रकाश घेणाऱ्या भिंगाची गरज छायाचित्रणाच्या जन्माबरोबरच निर्माण झाली. १८३९ मध्ये जाहीर झालेल्या दागेअर पद्धतीत माणसाला कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. व्हिएन्ना येथील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्सव्हाल (१८०७–९१) यांनी १८४० मध्ये सुमारे एफ/३·६ छिद्रांकाचे व्यक्तिचित्रणाचे भिंग गणिताने सिद्ध केले आणि फोइग्टलेंडर यांनी ते घडविले. त्याच्या आकडेमोडीसाठी ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातील गणनाकुशल सैनिकांचे साहाय्य मिळाले होते, असे सांगितले जाते. या भिंगाने उद्भासनकाल मिनिटांवरून सेकंदांवर आला. तरीही एकोणिसाव्या शतकातील विवाहाचे छायाचित्र म्हणजे प्रत्यक्ष विवाहाचे चित्र नव्हे. वधूवर विवाहाचा पोशाख करून पूर्वी किंवा नंतर केव्हा तरी छायाचित्रकाराच्या काचेच्या छताखाली जाऊन बसत किंवा उभे राहत. भारतातही स्टुडिओमध्ये जाऊन जोडप्याचे छायाचित्र काढून घेण्याचा प्रघात विसाव्या शतकात दीर्घकाळ टिकला.

उपलब्ध प्रकाशात, कोणाच्या नकळत चित्र घेता येते, हे प्रथम सिद्ध झाले ते जर्मनीत. लूटव्हिख बेर्टेले यांचे एफ/२ छिद्रांकाचे एर्नोस्टार भिंग बसविलेला एर्मानॉक्स कॅमेरा १९२४ मध्ये निघाला. एरिख झालोमोन (१८८६–१९४४) यांनी तो घेऊन न्यायालये व राजनैतिक परिषदा यांतील चित्रे फ्लॅशशिवाय टिपली. ही सर्व भिंगे मात्र स्थिर केंद्रांतराची होती. सामान्य व्यावसायिकाने वेगळा मार्ग धरला : प्रकाश नसेल तर तो बरोबर न्यावा. १८८७ मध्ये मिएटे व गेडिके यांनी सिद्ध केलेली मॅग्नेशियमयुक्त स्फोटक पूड धूर व आगीचा धोका घेऊन येई. १९२९-३० च्या सुमारास आलेल्या फ्लॅश बल्बने धूर गेला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर छायाचित्रकार खऱ्या अर्थाने समारंभात शिरला. रोलायफ्लेक्स किंवा यशिकासारखा स्थिर भिंगाचा कॅमेरा व त्याला जोडलेला फ्लॅश ही जोडी भारतासह अनेक देशांत कित्येक वर्षे विवाहछायाचित्रणाची नेहमीची सामग्री होती. तिच्या मर्यादा जुन्या अल्बमांत आजही दिसतात. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असल्याने पुढची माणसे पांढरी आणि मागचा मंडप काळा, असे ते चित्र असते. होमाच्या ज्वाळांचा तांबूस उजेड त्यात पुसला जातो. म्हणजे ज्या प्रकाशात विवाह लागला तोच चित्रातून नाहीसा होतो.

झूम भिंगाची कल्पना मात्र जुनी आहे. बदलत्या केंद्रांतराच्या भिंगाचे एकस्व (पेटंट) अमेरिकेत १९०२ मध्ये क्लाइल ॲलन यांना मिळाले. चलच्चित्रणासाठी ४०–१२० मिमी. केंद्रांतराचे ‘व्हारो’ हे भिंग १९३२ मध्ये आले. त्याची रचना टेलर, टेलर अँड हॉब्सन या इंग्रजी संस्थेतील आर्थर वॉर्मिशॅम यांची होती. पुढील प्रगती दोन कारणांनी खोळंबली. पहिले कारण परावर्तनाचे. काच व हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. स्थिर भिंगात अशा सहाआठ सीमा असतात. झूम भिंगात त्या वीस किंवा अधिक होतात आणि वीस सीमा ओलांडताना निम्म्याहून अधिक प्रकाश वाटेतच खर्च होतो. शिवाय परत फिरलेला प्रकाश प्रतिमेवर पसरून ती धुरकट करतो. त्साइस संस्थेतील आलेक्सांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधलेल्या परावर्तनरोधक लेपामुळे हे नुकसान पुष्कळ घटले. दुसरे कारण गणिताचे. भिंगाचा एक गट सरकला की सर्व विपथने बदलतात; ती एका केंद्रांतराला नव्हे, तर सगळ्याच केंद्रांतरांना आटोक्यात ठेवावी लागतात. हाताने करावयाच्या आकडेमोडीला हे काम झेपण्यासारखे नव्हते. इलेक्ट्रॉनीय संगणक प्रकाशकीय अभिकल्पात वापरात आल्यानंतरच त्याला गती मिळाली.

१९५९ मधील पहिले स्थिरचित्रण झूम भिंग म्हणजे फोइग्टलेंडर संस्थेचे ३६–८२ मिमी. ‘झूमार’. मूळचे व्हिएन्नाचे अमेरिकन अभियंते फ्रँक बॅक यांनी त्याची रचना केली. त्यात १४ घटक भिंगे होती आणि छिद्रांक एफ/२·८ होता. पुढे विवाहछायाचित्रणाचा मानदंड ठरलेला हा छिद्रांक पहिल्याच भिंगात साधला होता, ही लक्षणीय गोष्ट होय. मात्र पूर्ण छिद्राला प्रतिमेचे कडेचे भाग मऊ येत. १९६३ मध्ये आलेले निकॉनचे ४३–८६ मिमी., एफ/३·५ हे भिंग अधिक सुटसुटीत होते व पुष्कळ खपले. सरळ रेषा वाकविणे आणि दिव्यांच्या समोर भुताटकीसारखे डाग देणे या दोषांबद्दल ते तितकेच प्रसिद्ध आहे. दिव्यांच्या माळांनी सजविलेल्या मांडवात या दुसऱ्या दोषाला क्षमा नव्हती. ४०० आयएसओची पहिली रंगीत ऋणफिल्म फुजीने १९७६ मध्ये आणली, त्यापूर्वी रंगीत चित्रणात झूम भिंगाने सभागृहातील प्रकाशावर काम करण्याचा प्रश्नच फारसा उद्भवत नव्हता. या काळातील स्थितीचे नेमके चित्र स्टॅन्ली क्यूब्रिक यांच्या बॅरी लिंडन (१९७५) या चित्रपटात सापडते. त्यात बाहेरच्या दृश्यांसाठी आँझेन्यू यांचे झूम भिंग मुक्तपणे वापरले आहे. मेणबत्तीच्या उजेडातील प्रसंगांसाठी मात्र एफ/०·७ छिद्रांकाची स्थिर त्साइस भिंगे घ्यावी लागली. एफ/२·८ च्या तुलनेत तो प्रकाश सोळापट होता. झूम म्हणजे दिवसाचे भिंग, असाच तेव्हाचा समज होता व तो चुकीचा नव्हता.

हा समज बदलला तो १९८५ नंतर. त्या वर्षी मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्याने स्वयंकेंद्रण रूढ केले. एकभिंगी प्रतिक्षेपी कॅमेऱ्यात स्वयंकेंद्रण भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे असताना होते आणि अनेक कॅमेऱ्यांतील अधिक अचूक केंद्रणसंवेदक एफ/२·८ किंवा त्याहून मोठे छिद्र असेल तरच पूर्ण क्षमतेने चालत. त्यामुळे प्रत्यक्ष चित्र एफ/४ ला घेतले, तरी एफ/२·८ च्या भिंगाचा अंधारात लाभ होई. निकॉनचे ३५–७० मिमी., एफ/२·८ (१९८७), कॅननची ८०–२०० मिमी. (१९८९) व २८–७० मिमी. (१९९३) ही भिंगे याच काळातील. विषम गोलीय पृष्ठे व अल्प अपस्करणाची काच यांमुळे पूर्ण छिद्रालाही त्यांची प्रतिमा स्वच्छ येई. कॅननचे २४–७० मिमी. २००२ मध्ये, तर निकॉनचे २००७ मध्ये आले आणि २४–७० व ७०–२०० ही दोन भिंगे दोन कॅमेऱ्यांवर चढवून विवाहाला जाण्याची रीत पडली. मध्यंतरी विवाहाकडे वार्ताचित्रकाराच्या नजरेने पाहण्याची शैलीही रूढ झाली होती. सप्टेंबर १९९६ मध्ये अमेरिकेतील कंबरलंड बेटावरच्या वीज नसलेल्या लहानशा प्रार्थनामंदिरात जॉन केनेडी (धाकटे) व कॅरोलिन बेसेट यांचा विवाह झाला. तेथून बाहेर पडताना डेनिस रेगी यांनी टिपलेल्या चित्राने या शैलीला जगभर प्रसिद्धी मिळाली.

यानंतरची मोठी झेप भिंगाची नव्हे, संवेदकाची आहे. २००७ मधील निकॉन डी३ या अंकीय कॅमेऱ्यात ६,४०० आयएसओ हे मूल्य सहज वापरता येऊ लागले. १९७६ च्या फिल्मशी तुलना करता ही वाढ सोळापट होय, म्हणजे क्यूब्रिकच्या त्या भिंगाने एफ/२·८ वर जेवढी आघाडी घेतली होती तेवढी. झूम भिंगाचा छिद्रांक या साऱ्या काळात होता तेथेच होता. कंपनरोधक यंत्रणेचे (कॅननच्या ७५–३०० मिमी. भिंगात, १९९५) महत्त्व मात्र विवाहाच्या संदर्भात वाढवून सांगितले जाते. ती छायाचित्रकाराचा हात स्थिर करते, सप्तपदी चालणाऱ्या वधूचे पाऊल नव्हे. मांडवात पसरलेली स्तब्ध माणसे, सजावट, दूरचा चेहरा यांसाठी तिचा उपयोग होतो. हालचालीसाठी छिद्र किंवा आयएसओ वाढविण्यास पर्याय नाही.

निवड करताना पहिला विचार छिद्रांकाच्या स्थैर्याचा करावा लागतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या स्वस्त भिंगांवर एफ/३·५–५·६ असे दोन अंक असतात. केंद्रांतर वाढविताच प्रकाश घटतो आणि सर्वांत लांब टोकाला तो एफ/२·८ च्या चौथ्या हिश्शावर येतो. चेहऱ्यासाठी भिंग लांबवावे तेव्हाच असे होते, हे विशेष गैरसोयीचे. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर २४–७० मिमी. भिंगाचा दृष्टिकोन ३६–१०५ मिमी. इतका अरुंद होतो व अंगणातल्या गर्दीत तो अपुरा पडतो. अशा कॅमेऱ्यास १७–५५ मिमी., एफ/२·८ हा वर्ग योग्य. त्याच संवेदकासाठी सिग्मा संस्थेने २०१३ मध्ये १८–३५ मिमी. केंद्रांतराचे एफ/१·८ भिंग काढून झूम भिंगांत एक नवा टप्पा गाठला, पण त्याची व्याप्ती दुपटीहूनही कमी आहे. एफ/१·४ ची स्थिर भिंगे चौपट प्रकाश देतात हे खरे. परंतु जवळून घेतलेल्या चित्रात त्यांची क्षेत्रखोली इतकी थोडी असते की, शेजारी बसलेल्या वधूवरांपैकी एकाचाच चेहरा स्पष्ट येतो. जोडप्याच्या चित्रासाठी एफ/२·८ हा छिद्रांक केवळ तडजोड नसून पुष्कळदा तोच इष्ट असतो.

प्रकाशाची किंमत वजनात मोजावी लागते. २०० मिमी. केंद्रांतराला एफ/२·८ हवा, तर प्रवेशछिद्र ७१ मिमी. रुंद असावे लागते, ५० मिमी., एफ/१·४ ला ३६ मिमी. पुरते. कॅननने २०१८ मध्ये आरसाविरहित कॅमेऱ्यासाठी २८–७० मिमी., एफ/२ हे भिंग आणले, त्याचे वजन १,४३० ग्रॅम होते. सकाळच्या सीमांतपूजनापासून रात्रीच्या वरातीपर्यंत ते गळ्यात वागविणे सोपे नव्हे. २०२४ मध्ये सोनीने त्याच केंद्रांतराचे व छिद्रांकाचे भिंग ९१८ ग्रॅम वजनात बसविले, म्हणजे २००२ च्या कॅनन २४–७० मिमी., एफ/२·८ या भिंगापेक्षाही किंचित हलके.