छाटणीचा पुरावा : ट्रंक दुव्यांच्या इतिहासातील एक प्रश्न

दोन स्विचांमधील ट्रंक दुव्यावरून एखाद्या व्हीलॅनची वाहतूक आढळत नाही, एवढ्यावरून तिची तेथे छाटणी झाली आहे असा निष्कर्ष काढता येईल काय? प्रश्न तांत्रिक दिसला तरी मौनावरून अनुमान काढण्याचा धोका इतिहासाच्या अभ्यासकास अपरिचित नाही. म्हणून त्याचा येथे थोडा परामर्श घेण्याचे योजिले आहे.

एकाच यंत्रसामग्रीवर अनेक स्वतंत्र स्थानिक जाले वसविण्याची कल्पना १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बेलकोर या संस्थेत डब्ल्यू. डेव्हिड सिनकॉस्की यांच्या संशोधनातून पुढे आली. त्यांचा व चेस कॉटन यांचा यासंबंधीचा निबंध १९८८ साली प्रसिद्ध झाला. पुढे सिस्को कंपनीची आयएसएल पद्धती प्रत्येक चौकटीस ३० बाइटांचे वेष्टन घालीत असे. १९९८ च्या आयईईई ८०२.१क्यू मानकाने मात्र चौकटीच्या पोटातच ४ बाइटांची खूण घातली. त्या खुणेतील १२ बिटे क्रमांकासाठी असल्यामुळे ४०९४ व्हीलॅन वापरता येतात.

या सोयीतूनच अडचण उद्भवली. सर्वांस उद्देशून निघालेली, किंवा ज्यांचा पत्ता स्विचास ठाऊक नाही अशी, चौकट ती व्हीलॅन नेणाऱ्या प्रत्येक ट्रंकवर पसरते. पलीकडे तिचा एकही ग्राहक नसला तरीही. यावर दोन उपाय निघाले. एक, व्यवस्थापकाने अनुमत व्हीलॅनांची यादी स्वहस्ते आखडावी; दुसरा, शेजारी स्विचाने आपली गरज कळवावी व न मागितलेले आपोआप गाळले जावे. सिस्कोची व्हीटीपी छाटणी या दुसऱ्या प्रकारची. १९९८ च्या मानकातील जीव्हीआरपी व तिची जागा घेणारी २००७ ची एमव्हीआरपी यांचे तत्त्वही मागणी नोंदविण्याचेच. दोन्ही उपायांस छाटणी म्हणण्याचा प्रघात असला तरी त्यांचे परिणाम भिन्न आहेत. हाताने वगळलेल्या व्हीलॅनचा स्पॅनिंग ट्रीही त्या दुव्यावरून जातो. व्हीटीपीने छाटलेल्या व्हीलॅनचा तेथेच राहतो.

आता पुराव्याकडे वळू. सिस्कोच्या स्विचावर ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ ही आज्ञा तीन याद्या देते : अनुमत व्हीलॅन, अनुमत व क्षेत्रात सक्रिय असलेल्या, आणि अग्रेषण अवस्थेत असून न छाटलेल्या. अभ्यासक सामान्यतः शेवटच्या यादीवर विसंबतो, आणि चूक तेथेच होते. त्या यादीतील अनुपस्थितीस दोन भिन्न कारणे संभवतात, छाटणी अथवा स्पॅनिंग ट्रीने केलेला अवरोध. यादी त्यांत भेद करीत नाही. अवरोधास छाटणी समजून निश्चिंत झाल्यास, पर्यायी दुवा खुला होताच नको असलेली वाहतूक त्यावरून वाहू लागेल. म्हणून ‘शो इंटरफेसेस प्रूनिंग’ ही साक्ष स्वतंत्रपणे घ्यावी लागते. तीत शेजाऱ्याने न मागितल्याने छाटलेल्या व आपण शेजाऱ्याकडे मागितलेल्या अशा दोन नोंदी असतात. एका टोकाची पहिली नोंद दुसऱ्या टोकाच्या दुसरीशी ताडून पाहिल्याखेरीज साक्ष पुरी होत नाही. शिवाय व्हीटीपीची छाटणी फक्त २ ते १००१ या क्रमांकांस लागू पडते. १ क्रमांकाची व्हीलॅन तिच्या कक्षेबाहेर आहे.

सर्वांत फसवे उदाहरण व्हीटीपीच्या ट्रान्स्परंट अवस्थेतील स्विचाचे होय. तो स्वतःची मागणी कळवीत नाही. साहजिकच वरचा स्विच त्यास गरज नाही असे धरून छाटणी करतो, आणि खालची यंत्रे वाहतुकीस मुकतात. अशा ठिकाणी छाटणी सर्वत्र बंद करावी, अथवा त्या ट्रंकवरील सर्व व्हीलॅन छाटणीस अपात्र ठरवाव्यात, असा सिस्कोचा निर्देश आहे.