दगडातला गुरू आणि गर्दीतला वेडा

रोमन साम्राज्यातील मिथ्रास पंथाने मागे ठेवलेला एकही धर्मग्रंथ आपल्या हाती नाही. गुहेसारख्या मंदिरांत वृषभाचा वध करणारा देव, भोवती कुत्रा, सर्प आणि विंचू. या शिल्पांवरूनच त्या गुप्त पंथाचा अर्थ लावावा लागतो.

आपल्याकडे असे काही? चिंचोटीहून नायगाव गाठून लोकल पकडली, की जोगेश्वरी फार लांब नाही. तेथील लेणे सहाव्या शतकाच्या मध्यास कोरले गेले. पूर्वेकडून आत शिरताना दारावर लकुलीश दिसतो, भोवती शिष्य. पाशुपत शैवांचा हा आद्य गुरू. हाती लकुट, म्हणजे दंडा, ही त्याची खूण. मथुरेच्या इ. स. ३८० च्या स्तंभलेखात उदिताचार्य स्वतःला कुशिकापासूनचा दहावा म्हणवतो, आणि कुशिक हा परंपरेने लकुलीशाचाच शिष्य.

मिथ्रासच्या अभ्यासकांना जे लाभले नाही, ते आपल्याला लाभले: कौंडिण्याच्या भाष्यासह पाशुपतसूत्रे १९४० साली त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध झाली. ती वाचली, की लेण्याकडे पाहण्याची नजरच पालटते.

साधनेच्या पहिल्या पायरीवर साधक देवळाशी राहून भस्मस्नान करी. हसणे, गाणे, नाचणे, बैलासारखा हुंकार, हीच त्याची पूजा. दुसरी पायरी विलक्षण. पंथाची सारी चिन्हे लपवून त्याने लोकांत मिसळायचे. जागेपणी घोरायचे, लंगडायचे, अंग थरथरवायचे, असंबद्ध बोलायचे. हेतू एकच, लोकांनी निंदा करावी. निंदकाचे पुण्य साधकाकडे येते आणि साधकाचे पाप निंदकाकडे जाते, अशी त्यांची श्रद्धा. (हिशेब चोख, पण निंदकाला त्याचा पत्ताच नाही!) त्यानंतर ओसाड घर किंवा गुहा, मग स्मशान आणि शेवटी रुद्राशी सायुज्य.

घारापुरीच्या उत्तर दारी एका बाजूस नाचणारा शिव, समोर योगासनस्थ शिव. काही अभ्यासक या योगेश्वरातच लकुलीश पाहतात. मला या जोडीत साधनेचा आरंभ आणि शेवट दिसतो. अर्थात हे माझे वाचन, शिल्पाखाली तसा लेख नाही. मधला तो वेड पांघरलेला साधक मात्र मला या दोन्ही लेण्यांत दिसलेला नाही. ज्याने ओळखू येऊ नये हेच व्रत, त्याचे शिल्प कोण घडवणार?

जोगेश्वरीला गेलात, तर पूर्वेकडूनच शिरा आणि दारावर पाहा. पाणी झिरपून आकृत्या बऱ्याच झिजल्या आहेत. डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत थांबा.