सुरतेची लूट आणि रांदेरचा खावसा

इतिहासाच्या तासाला ‘सुरतेची लूट’ हा धडा आला की वर्गातली निम्मी पोरं मान वळवून माझ्याकडे बघायची. वर्गात मी एकटाच मुसलमान. मास्तरांनी कधी काही चुकीचं शिकवलं नाही, पण त्या माना वळायच्या. माझे आजोबा कोकणातले, पणजोबाही कोकणातले, आमच्यापैकी कुणी सुरत पाहिलेलीही नव्हती. तरी त्या तासापुरता मी सुरतेचा व्हायचो.

गेल्या हिवाळ्यात बायकोला म्हटलं, चल, एकदा सुरत बघून येऊ. ‘साड्या?’ तिने विचारलं. मी हो म्हणालो.

सकाळी लोचो खाल्ला. भिजवून वाटलेली चण्याची डाळ वाफवायची, वरून तेल, मसाला, शेव. ढोकळा करायला गेलं आणि बिघडलं असं वाटावं असा पदार्थ, पण चवीला फार छान. तिथून तापीच्या काठी, चौक बाजारातल्या किल्ल्यावर गेलो. खुदावंद खानाने हा किल्ला १५४० च्या दशकात बांधला, तो पोर्तुगीजांच्या भीतीने. १५३० मध्ये पोर्तुगीजांनी सुरत आणि नदीपलीकडचं रांदेर दोन्ही जाळलं होतं. म्हणजे सुरतेची लूट एकदाच झालेली नाही. पण त्या लुटीच्या वेळी वर्गात कुणाकडे बघायचं?

जानेवारी १६६४ मध्ये महाराज आले तेव्हा शहराला पक्का तट नव्हता. सुरतेचा मुघल कारभारी इनायत खान या किल्ल्यात जाऊन बसला आणि लोकांना त्यांच्या नशिबावर सोडलं. जदुनाथ सरकारांनी लिहिलंय की पाचशे शिपायांचा पगार सरकारी खजिन्यातून निघत होता आणि तो या साहेबांच्या खिशात जात होता. बुरुजावर उभा राहून मी खालच्या गर्दीकडे पाहत होतो. लुटीचा खरा धडा मला तिथे सापडला, आणि तो धर्माचा नव्हता.

चार दिवस लूट चालली, शहराचा मोठा भाग जळला. ही गोष्ट गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण लुटलं कुणाला? वीरजी व्होराला, तो जैन. हाजी सैद बेगला, तो मुसलमान. दोघांचा गुन्हा एकच, श्रीमंती. सोडलं कुणाला? फ्रेंच प्रवासी बर्नियर लिहितो, कॅपुचिन पाद्री फादर अँब्रोज यांच्या घराला हात लावला नाही. डचांचा एक हिंदू दलाल होता, मोठा दानशूर म्हणून नाव होतं, त्याचंही घर वाचलं. मोहीम खजिन्यासाठी होती. शायिस्ताखानाने तीन वर्षं पुण्यात तळ ठोकून मुलूख ओरबाडला होता, ती भरपाई मुघलांच्या सर्वात श्रीमंत बंदरातून काढायची होती. एवढं साधं आहे.

मुघल सराय बघायची मला खास ओढ होती. शाहजहानच्या काळात, १६४४ मध्ये, हाजी आणि मुसाफिरांसाठी बांधलेली ही धर्मशाळा. सुरतेला तेव्हा मक्केचा दरवाजा म्हणत. वारा अनुकूल होईपर्यंत लोक इथेच थांबायचे. बाबराची मुलगी गुलबदन बेगम हजला निघाली तीही सुरतेहूनच, १५७६ मध्ये. पोर्तुगीजांचा परवाना मिळेपर्यंत तिला बराच काळ ताटकळावं लागलं. बादशहाची आत्या असूनही! आज या इमारतीत महानगरपालिकेचं मुख्यालय आहे. लोक कागदाची भेंडोळी घेऊन बाकांवर बसले होते. सरायमध्ये अजूनही ताटकळणं चालूच आहे म्हणायचं.

इंग्रजांची कबरस्तानं घाईत पाहिली. ऑक्झेंडन भावांची कबर मात्र विसरता येत नाही. घुमट, खांब, कमानी, एखाद्या नवाबाची वाटावी. जॉर्ज ऑक्झेंडन हा १६६४ मध्ये वखार लढवणारा माणूस. मेल्यावर त्याला मुघल थाट हवासा वाटला.

संध्याकाळी नदी ओलांडून रांदेरला गेलो. हे बंदर सुरतेहून जुनं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बार्बोझा नावाच्या पोर्तुगिजाने इथल्या मुसलमान व्यापाऱ्यांच्या घरांतली चिनी मातीची भांडी फळ्यांवर मांडलेली पाहिली, आणि त्यांची गलबतं मलाक्का, बंगाल, पेगूपर्यंत जातात असं लिहिलं. पेगू म्हणजे ब्रह्मदेश. पुढे इंग्रजी अमलात रांदेरी माणसं रंगूनला जाऊन बसली, तिथे त्यांनी सुरती जामा मशीद बांधली. जपानी आले, नंतर लष्करी राजवट आली, दुकानं गेली आणि पुष्कळ जण परतले. येताना हाती फारसं काही नव्हतं. पण खावसा आला.

आधी आलूपुरी खाल्ली. इवल्याशा पुऱ्या, वर रगडा, कांदा, शेव आणि कोकमाची चटणी. कोकम जिभेला लागताच बायको म्हणाली, ‘हे तर आपलं!’ मग खावसा. खोल वाडग्यात शेवया, वर बेसन आणि नारळाचा पातळ रस्सा, मटणाचे तुकडे, तळलेला कांदा आणि लसूण, कुरकुरीत शेव, लिंबू. ज्याने त्याने आपल्या हाताने कालवून घ्यायचं. पहिल्या घासाला कढी, दुसऱ्याला सालन आणि तिसऱ्याला काहीतरी अनोळखी, समुद्रापलीकडचं.

दुकानदार पांढऱ्या दाढीचे, डोक्यावर जाळीची टोपी. माझा ‘सलाम’ ऐकून त्यांनी विचारलं, ‘कहाँ से?’

‘महाराष्ट्र.’

त्यांनी डाव खाली ठेवला आणि मोठ्याने हसत म्हणाले, ‘अच्छा! फिर लूटने आए हो?’

मी बायकोकडे पाहिलं, ती तोंडावर पदर धरून हसत होती. चाचांनी न मागता माझ्या वाडग्यात आणखी रस्सा ओतला आणि त्याचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.