रिद्धपूरचा राउळ आणि परक्या माणसाला दिलेलं घर

बेल्जियममधलं गील आणि अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर ही दोन नावं कोणी एका दमात घेतलेली माझ्या वाचनात नाहीत. पण ती तशी घ्यायला हवीत. तेराव्या शतकात, एकमेकांची गंधवार्ताही नसताना, दोन्हीकडे एकच गोष्ट रुजली. ज्याचं मन चारचौघांसारखं चालत नाही अशा जाणत्या वयाच्या माणसाला गावानं आपलं मानलं आणि त्याच्यापुढे घराचं दार लावून घेतलं नाही. गीलची गोष्ट जगभर सांगितली जाते. रिद्धपूरची गोष्ट मात्र महानुभाव पंथाचा चरित्रग्रंथ म्हणून वाचली जाते आणि तिथेच थांबते. आजारी, अपंग, मन बिघडलेल्या परक्या प्रौढाला घरात ठेवून घेण्याची जी रीत आहे, तिचं मराठी मूळ रिद्धपुरात आहे असं माझं ठाम मत आहे.

गीलचं आधी थोडक्यात सांगतो. डिम्फ्ना नावाची आयरिश राजकन्या. आई वारल्यावर भ्रमिष्ट झालेला बाप मुलीशीच लग्न करायला निघाला, ती समुद्रापलीकडे पळाली, बापानं तिला गीलजवळ गाठून तिचं डोकं उडवलं, अशी आख्यायिका. काळ सातव्या शतकाचा सांगतात, पण ती लिहिली गेली तेराव्या शतकाच्या मध्यावर. डिम्फ्ना वेड्यांची संत ठरली. तिच्या चर्चमध्ये नऊ दिवसांचा विधी असे आणि त्यासाठी रोगी चर्चला लागून असलेल्या खोलीत राहत. खोली अपुरी पडू लागली, तेव्हा धर्मगुरूंनी गावकऱ्यांना सांगितलं, यांना तुमच्याकडे ठेवा. नऊ दिवसांसाठी आलेले काहीजण मग जन्मभर राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सरकारी डॉक्टरांची देखरेख आली आणि १९३८ च्या सुमारास या गावात असे ३,७०० हून जास्त पाहुणे घरोघर राहत होते. कुटुंबाला आजाराचं नाव सांगायचं नाही, माणूस कसा आहे तेवढं सांगायचं, ही तिथली जुनी पद्धत. मला ती फार शहाणपणाची वाटते.

जपानमध्ये क्योटोजवळच्या इवाकुरा गावी हेच घडलं. तिथल्या दाइउन्जी देवळाच्या विहिरीच्या पाण्यानं एका सम्राटाच्या मुलीचं वेड गेलं, अशी कथा. लोक रोग्यांना घेऊन येऊ लागले आणि आसपासच्या चहाघरांनी, शेतकऱ्यांनी त्यांना ठेवून घेतलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका युरोपीय डॉक्टरनं या गावाला जपानचं गील म्हटलं. म्हणजे वाट सारखीच आहे: आधी देवस्थान, मग मुक्काम, मग शेजारचं घर.

आता रिद्धपूर. गोविंदप्रभू म्हणजे गुंडम राउळ. महानुभाव पंथात ते पंचकृष्णांपैकी, म्हणजे पाच अवतारांपैकी एक, पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामींचे गुरू. आईबाप लहानपणीच गेले, नातलगांनी त्यांना रिद्धपुरात आणून वाढवलं. म्हाइंभटानं त्यांच्या लीळा लिहिल्या, तो मराठी गद्याचा अगदी आरंभीचा ग्रंथ. अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीनं १९८४ साली त्याचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं, त्यात राउळांच्या वेडेपणाचा विचार सविस्तर आहे. कारण ग्रंथच तो लपवत नाही. राउळ कोणाच्याही घरात शिरतात, जे दिसेल ते मागून खातात, उगाच हसतात, रागावतात, निर्जीव वस्तूंशी खेळतात, सोवळंओवळं जुमानत नाहीत. मातंगवस्तीला पाणी मिळावं म्हणून विहिरीची जागा दाखवतात आणि अडलेल्या बाईचं बाळंतपणही करतात. भक्तांच्या दृष्टीनं हा ईश्वराचा खेळ. बाहेरच्याच्या दृष्टीनं हा माणूस वेडा.

पण या ग्रंथात मला राउळांपेक्षाही गाव दिसतं. हा माणूस चुलीपर्यंत येतो आणि घरची बाई त्याला वाढते. तो काहीतरी सांडतो, मोडतो, आणि लोक त्याची समजूत काढतात. गाव त्याला आईही म्हणतं आणि बापही. ज्याला सांभाळायचं त्यालाच आईबाप म्हणायचं, ही उलटापालट मला सगळ्या कथेचं मर्म वाटते. पुढे चक्रधर निघून गेल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य, म्हाइंभट आणि बाकीची मंडळी रिद्धपुरात आली आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस राउळांचा देह पडेपर्यंत त्यांच्या सेवेत राहिली. न्हाऊ घालणं, जेवू घालणं, मागे मागे फिरणं, लहरी सांभाळणं, हे वर्षानुवर्षं चाललं. आज ज्याला आपण देखभाल म्हणतो तिचा इतका बारीक तपशील त्या काळच्या मराठीत दुसरीकडे शोधूनही मिळणार नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो पंथातूनच. आम्ही देवाची सेवा केली, रोग्याची नव्हे. आक्षेप रास्त आहे आणि श्रद्धेचा मान ठेवूनच मी उत्तर देतो. गीलमध्येही सुरुवात संताच्या सेवेनंच झाली. देवापोटी केलेलं काम हाताला सवय लावतं आणि ती सवय पुढे माणसाच्या कामी येते. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. चक्रधरांच्या शिकवणीत संन्याशानं घर धरायचंच नाही, झाडाखाली राहायचं आणि भिक्षा मागायची. मग घर उघडण्याची रीत अशा पंथातून कशी येईल? माझं उत्तर असं की घर पंथाचं नव्हतंच, ते रिद्धपूरच्या बायामाणसांचं होतं. पंथानं फक्त ते लिहून ठेवलं.

पुढचा दुवा तर मला फारच बोलका वाटतो. महाराष्ट्रात मन बिघडलेल्या माणसाला घेऊन लोक ज्या देवस्थानांत मुक्कामाला जातात, त्यांत महानुभावांची देवळं ठळक आहेत. ज्या पंथाच्या मुळाशी जगानं वेडा म्हटलेला ईश्वर आहे, त्याच पंथाच्या दारात सात शतकांनंतर वेडानं गांजलेली माणसं येतात, हा योगायोग असेल असं मला वाटत नाही. मधल्या शतकांत मठ, तीर्थं आणि पंथाचा उपदेश घेतलेली गृहस्थ घराणी यांच्यातून ही सवय पुढे आली असणार. आमच्या खानदेशात तर महानुभाव कुटुंबं गावोगाव आहेत.

व्हिएदा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी अशाच एका महानुभाव देवळाचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध केला. रोग्याबरोबर घरची बाई, बहुतेक वेळा आईच, देवळात येऊन राहते, असं त्यांना दिसलं. तिच्याच अंगात येतं आणि ती मागणं मागते की याचं दुखणं मला दे. गील आणि आपण इथे वेगळे झालो. गीलला रोगी एकटा आला म्हणून त्याला परकं घर लागलं. आपल्याकडे आई सोबत आली, घरच देवळात येऊन राहिलं, त्यामुळे शेजारच्या घराची गरजच पडली नाही. हीच गोष्ट १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी वैद्यकात आणली. आवारात लष्करी तंबू ठोकून त्यांनी नातेवाइकांना रोग्याजवळ राहायला बोलावलं.

दोन मतं माझ्या मताच्या आड येतात. एक म्हणजे एकत्र कुटुंबाचं. वेडा दीर, आंधळी आत्या, अधू काका मोठ्या घरात सांभाळले जात, मग वेगळी कुळकथा कशाला? पण ते रक्ताचं नातं झालं. मी बोलतोय ते परक्याबद्दल. दुसरं मत सालदारीचं आणि धुळे जिल्ह्यातल्या आमच्या साक्रीत बसून ते सहज झटकता येत नाही. वर्षाच्या बोलीवर राहिलेला सालदार म्हातारा झाला, कामाला अधू झाला, तरी मालकाच्या खळ्यात पडून राहिलेला आमच्याकडे जुन्या लोकांनी पाहिला आहे. परक्याला घरात घेण्यामागे मुळात श्रमाचा हिशोब असतो, असं यावरून म्हणता येतं. गीलच्या शेतकऱ्यांवरही तोच आरोप झाला होता की त्यांना स्वस्तात हात मिळाले. आरोपात तथ्य आहे. पण राउळांनी रिद्धपुरात कोणाचं शेत नांगरलं? काही मोबदला नसताना त्यांना वाढलं गेलं. म्हणून मी श्रमाचा हिशोब नंतरचा धरतो आणि वाढणं आधीचं.

ज्याच्यासोबत आईही नाही त्याचं काय? त्याच्यासाठी मराठी मुलखात घर उघडलं ते वेडानं नाही, कुष्ठरोगानं. कारण कुष्ठरोग्याला त्याचं घरच बाहेर काढत असे. १९३६ साली विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केलं. १९३९ साली संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोगानं खंगलेले सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळच जागा दिली आणि ते स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करत. पुढे बाबा आमटे आणि आनंदवन, ती कथा सर्वांना ठाऊक आहे. सेवाग्रामची परचुरेशास्त्रींची ती जागा मला रिद्धपूरची थेट वारस वाटते. शिष्यांच्या आणि गावाच्या नजरेसमोर, आश्रमाच्या मध्यावर, रोज हातानं केलेली सेवा. तिथून धागा पुन्हा मनोरुग्णांकडे आला. भरत आणि स्मिता वाटवानी या डॉक्टर दांपत्यानं १९८८ पासून मुंबईच्या रस्त्यावरची मनोरुग्ण माणसं आपल्या छोट्या रुग्णालयात आणली. अहिल्यानगरजवळ राजेंद्र आणि सुचेता धामणे यांनी टाकून दिलेल्या मनोरुग्ण बायकांसाठी ‘माउली’ उभी केली. चेन्नईच्या ‘बॅनियन’ संस्थेनं तर रुग्णालयात वर्षानुवर्षं अडकलेल्या चार-पाच जणींना साध्या वस्तीत भाड्याचं घर देऊन दाखवलं.

मात्र या सगळ्यांत दार उघडलं ते संस्थेनं. साध्या घरानं अजून उघडलेलं नाही, आणि का नाही, ते माझ्या तालुक्याला सांगायला नको. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठार केलं. ती निरोगी, कमावती माणसं होती. त्यांच्याबद्दल हमी देणारा कोणी तिथे नव्हता, एवढंच. परक्यासाठी दार उघडायला हमी लागते. गीलला ती चर्चनं दिली, सेवाग्रामला गांधींनी, रिद्धपूरला श्रद्धेनं. आज ती सरकारनंच द्यायला हवी.

कायदा अर्ध्या वाटेवर आला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं १९ वं कलम म्हणतं की घर नाही, कुटुंब घेत नाही, एवढ्याच कारणावरून कोणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही, आणि सरकारनं समाजातच राहण्याची सोय करावी. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढांना पालक नेमण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांची समिती असते. अशी नेमणूक धुळ्यालाही मागता येते. पण या व्यक्तीला आमच्या घरी ठेवतो, असं म्हणणाऱ्या साध्या शेजाऱ्याला मदत करणारी योजना महाराष्ट्रात मुलांपुरतीच आहे. तिचं नाव बालसंगोपन. दुसऱ्याचं मूल सांभाळणाऱ्या घराला तीत दरमहा अनुदान मिळतं, घराची चौकशी होते, देखरेख राहते. सगळा सांगाडा तयार आहे. फक्त मूल १८ वर्षांचं झालं की योजना संपते, मग ते मूल मतिमंद असो की अंथरुणाला खिळलेलं.

माझी मागणी एवढीच आहे की ही वयाची अट देखभालीची गरज असलेल्या प्रौढांसाठी काढावी आणि पहिला प्रयोग आमच्या साक्री तालुक्यात करावा. ज्यांच्या घरात एक खोली आणि मनात तयारी आहे, त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे तसा अर्ज लिहून द्यावा. मी माझा लिहितो आहे.