इंकजेट कार्ट्रिज, पर्यायी

इंकजेट मुद्रकासाठी मूळ निर्मात्याखेरीज अन्य उत्पादकाने तयार केलेली अथवा रिकामी झाल्यावर शाई भरून पुन्हा वापरात आणलेली शाईची कार्ट्रिज. हिचे सामान्यतः तीन प्रकार मानतात : (१) सर्वस्वी नवीन बनविलेली, परंतु विशिष्ट मुद्रकात बसेल अशी सुसंगत कार्ट्रिज, (२) वापरलेली मूळ कार्ट्रिज गोळा करून, धुऊन, तपासून व भरून विकलेली पुनर्निर्मित कार्ट्रिज आणि (३) ग्राहकाने घरी किंवा दुकानदाराने ग्राहकासमोर भरून दिलेली पुनर्भरित कार्ट्रिज. मूळ निर्मात्याचे नाव व वेष्टन यांची नक्कल करून विकलेला बनावट माल या तिन्हींहून वेगळा असून त्याचा येथे विचार केलेला नाही. पर्यायी कार्ट्रिजांचा इतिहास वरवर पाहता एका किरकोळ उपभोग्य वस्तूचा इतिहास आहे. तथापि विकत घेतलेल्या वस्तूवर ग्राहकाचा अधिकार कोठवर चालतो, या जुन्या प्रश्नाला त्याने नवे रूप दिले.

इंकजेट मुद्रणाचा उदय : द्रवाचा बारीक झोत फुटून त्याचे थेंब कसे होतात, याचे गणिती विवेचन ब्रिटिश भौतिकीविज्ञ लॉर्ड रॅली यांनी १८७८ च्या सुमारास केले. या तत्त्वावर आधारलेल्या नोंदणी-उपकरणासाठी स्वीडनमधील रून एल्मक्विस्ट यांना १९५१ मध्ये एकस्व म्हणजे पेटंट मिळाले. विद्युत् हृल्लेखासारखे आलेख काढण्यासाठी ते उपकरण वापरीत. घरगुती मुद्रकाला उपयुक्त ठरलेले तत्त्व मात्र १९७० नंतरच्या दशकात पुढे आले. जपानमधील कॅनन कंपनीतील इचिरो एंडो यांना १९७७ मध्ये असे आढळले, की तापलेल्या डाखणीचे टोक शाईने भरलेल्या पिचकारीच्या सुईला लागताच सुईतून शाई उडते. जवळजवळ त्याच सुमारास अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकर्ड कंपनीतील जॉन व्हॉट व त्यांचे सहकारी स्वतंत्रपणे याच तत्त्वापर्यंत पोहोचले. या पद्धतीत सूक्ष्म रोधक काही मायक्रोसेकंदांपुरता सु. ३००° से.पर्यंत तापतो, शाईच्या पातळ थराची वाफ होऊन बुडबुडा तयार होतो आणि त्याच्या दाबाने छिद्रातून थेंब बाहेर फेकला जातो. एप्सन कंपनीने उष्णतेऐवजी विद्युत् दाबाने आकार बदलणाऱ्या दाबविद्युत् स्फटिकाचा अवलंब केला.

ह्यूलेट-पॅकर्डने १९८४ मध्ये ‘थिंकजेट’ हा मुद्रक बाजारात आणला. त्याची कार्ट्रिज हीच पुढील वादाचे मूळ ठरली. छिद्रे बुजणे हा तोपर्यंतच्या इंकजेट यंत्रांचा मोठा दोष होता. त्यावर उपाय म्हणून मुद्रकशीर्ष शाईच्या डबीलाच जोडून टाकण्यात आले. शाई संपली की शीर्षासह सर्व कार्ट्रिज टाकून द्यावयाची, अशी ही योजना होती. ‘डेस्कजेट’ (१९८८) या मुद्रकाने साध्या कागदावर सुबक मुद्रण एक हजार डॉलरच्या आत आणले आणि पुढील दहा-बारा वर्षांत इंकजेट मुद्रक घरोघर पोहोचला.

किंमतीची रचना : मुद्रकांच्या किंमती स्पर्धेमुळे झपाट्याने उतरल्या, कार्ट्रिजांच्या मात्र त्या प्रमाणात उतरल्या नाहीत. दाढीचे यंत्र स्वस्त देऊन पात्यांवर नफा मिळविण्याची पद्धत प्रसिद्धच आहे. तिचाच अवलंब मुद्रकनिर्मात्यांनी केला. यात फसवणूक असतेच असे नाही. थोडे मुद्रण करणाऱ्याला यंत्र स्वस्तात मिळते व त्याची भरपाई पुष्कळ मुद्रण करणारा करतो. परंतु खरेदीच्या वेळी ग्राहकास यंत्राची किंमत दिसते, प्रत्येक पानाचा खर्च दिसत नाही. एका कार्ट्रिजमधून किती पाने निघतात हे मोजण्याची आयएसओ/आयईसी २४७११ ही आंतरराष्ट्रीय मानक पद्धत ठरविली गेली, ती इंकजेट मुद्रक घरोघर रूढ झाल्यानंतर. शाई व डबी यांचा उत्पादनखर्च आणि विक्रीची किंमत यांतील अंतर जितके मोठे, तितके अन्य उत्पादकांस या व्यवसायात उतरण्याचे आकर्षण अधिक; यास्तव पर्यायी कार्ट्रिजांचा व्यवसाय हे या किंमतरचनेचेच अपत्य होय, असे म्हणता येईल.

शाई व तिचे दोष : इंकजेटची शाई बहुधा पाण्याची असते. तीत रंजकद्रव्य किंवा रंगद्रव्य, शाई छिद्रात सुकू नये म्हणून ग्लायकॉल वर्गातील द्रव, पृष्ठताण कमी करणारे पदार्थ आणि जंतुनाशक असते. थेंबाचे आकारमान काही पिकोलिटर, म्हणजे लिटरच्या दशलक्षांशाचे काही दशलक्षांश, इतके अल्प असल्याने शाईचा दाटपणा वा पृष्ठताण थोडा बदलला तरी थेंब वाकडा जातो किंवा सुटतच नाही. औष्णिक मुद्रकात अयोग्य शाईचा थर रोधकावर करपून साचतो. शाई संपूनही मुद्रण चालू ठेवल्यास रोधक जळतो. रंगद्रव्याच्या शाईने भरावयाच्या कार्ट्रिजमध्ये रंजकाची शाई भरल्यास मजकूर पाण्याने पसरतो. यास्तव पर्यायी शाईविषयी मूळ निर्माते जे आक्षेप घेतात, ते सर्वस्वी निराधार नाहीत. तथापि मूळ शाई दोषमुक्त असते असेही नव्हे. एप्सनच्या २००० सालच्या काही छायाचित्र-मुद्रकांवर मूळ शाईने व मूळ कागदावर छापलेली चित्रे हवेतील ओझोनमुळे निळसर रंग उडून नारिंगी पडत असल्याचे आढळले होते. शाईचा दर्जा उत्पादकाच्या नावावर नव्हे, तर शाई, शीर्ष व कागद यांच्या परस्पर जुळणीवर अवलंबून असतो.

न्यायालयीन विवाद : कार्ट्रिज पुन्हा भरणे ही दुरुस्ती की नवीन उत्पादन, हा पहिला प्रश्न होता. दुरुस्तीचा हक्क वस्तूच्या मालकास असतो. एकस्व असलेल्या वस्तूचे नवीन उत्पादन करण्याचा हक्क फक्त एकस्वधारकास असतो. ह्यूलेट-पॅकर्डच्या नव्या कार्ट्रिजा विकत घेऊन, त्यांत पुन्हा भरण्याची सोय करून विकणाऱ्या रिपीट-ओ-टाइप या कंपनीविरुद्धच्या दाव्यात अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने १९९७ मध्ये हे कृत्य दुरुस्तीच्या जवळचे असून त्याने एकस्वाचा भंग होत नाही, असा निर्णय दिला. जपानमध्ये नेमका उलट निर्णय झाला. कॅननच्या रिकाम्या शाईटाक्या परदेशात भरून जपानमध्ये आणणाऱ्या रीसायकल असिस्ट या कंपनीच्या बाजूने टोकिओच्या जिल्हा न्यायालयाने २००४ मध्ये निकाल दिला. परंतु बौद्धिक संपदा उच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो फिरविला व सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २००७ रोजी कॅननचाच पक्ष उचलून धरला. टाकीला भोक पाडून, वाळलेली शाई धुऊन काढून ती भरली असता शोधाचा गाभाच पुन्हा निर्माण केला जातो, सबब ती नवी वस्तू ठरते, असे न्यायालयाचे मत पडले.

लेझर मुद्रकांच्या कार्ट्रिजांविषयीच्या एका दाव्याने या प्रश्नावर अमेरिकेपुरता अंतिम निर्णय झाला. लेक्समार्क कंपनी ‘एकदाच वापरावी’ या अटीवर काही कार्ट्रिजा सवलतीने विकीत असे. इंप्रेशन प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीने अशा रिकाम्या कार्ट्रिजा मिळवून, भरून विकल्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी असे ठरविले, की वस्तू विकली की तिच्यावरील एकस्वाचा अधिकार संपतो, मग विक्री देशात झालेली असो वा परदेशात. विक्रीच्या वेळी घातलेली अट फार तर कराराच्या कायद्याने अंमलात आणता येईल. एकस्वाच्या कायद्याने नव्हे.

चिपचा अवलंब : न्यायालयांत हा वाद चालू असतानाच तंत्राने त्याला बगल दिली. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून कार्ट्रिजवर छोटी इलेक्ट्रॉनिक चिप बसविली जाऊ लागली. ती शाईचा हिशेब ठेवते व कार्ट्रिज ओळखण्याचेही काम करते; ओळख न पटल्यास मुद्रक काम करीत नाही. लेक्समार्कच्या चिपशी जुळणारी चिप बनविणाऱ्या स्टॅटिक कंट्रोल या कंपनीविरुद्ध लेखाधिकाराच्या म्हणजे कॉपीराइटच्या कायद्याचा आधार घेण्यात आला. परंतु २००४ मध्ये अमेरिकेच्या सहाव्या सर्किट अपील न्यायालयाने त्या आधारावर दिलेला मनाई हुकूम रद्द केला. यूरोपीय संघाने विद्युत् व इलेक्ट्रॉनिक कचऱ्याविषयी २००३ मध्ये काढलेल्या निदेशात, उत्पादकांनी विशिष्ट रचनेद्वारे अशा वस्तूंच्या पुनर्वापरात अडथळा आणू नये, असे कलम घातले होते.

मुद्रक महाजालाला जोडले गेल्यावर विकलेल्या यंत्राचे वर्तन नंतरही बदलता येऊ लागले. सप्टेंबर २०१६ मध्ये ह्यूलेट-पॅकर्डच्या मुद्रक व्यवसायातून निघालेल्या एचपी कंपनीच्या अनेक मुद्रकांनी तोवर चालत असलेल्या पर्यायी कार्ट्रिजा एकाएकी नाकारल्या. टीका झाल्यावर कंपनीने त्याच महिन्यात दिलगिरी व्यक्त केली व ज्यांना हवी त्यांच्यासाठी वेगळी आज्ञावली देऊ केली. ही योजना मात्र ‘डायनॅमिक सिक्युरिटी’ या नावाने चालू राहिली. ग्राहकांना या निर्बंधाची पुरेशी माहिती न दिल्याबद्दल इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२० मध्ये एचपीला एक कोटी यूरो दंड केला. याउलट २०२२ च्या आरंभी जगभर चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा कॅननला आपल्या काही कार्यालयीन यंत्रांच्या टोनर कार्ट्रिजा चिपविना पुरवाव्या लागल्या आणि यंत्राने दाखविलेली सूचना कशी बाजूस सारावी, हे ग्राहकांना कंपनीनेच सांगितले. चिप नसली तरी मुद्रण होऊ शकते, हे त्यावरून सर्वांस दिसले.

शाईच्या टाक्या व भारत : आशियातील अनेक देशांत ग्राहकांनी मुद्रकाबाहेर शाईच्या बाटल्या ठेवून नळ्यांनी अखंड शाई पुरविण्याची पद्धत स्वतःच रूढ केली होती. तिला उत्तर म्हणून एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात मुळातच भरता येण्याजोगी टाकी असलेला मुद्रक विक्रीस आणला. यात यंत्र महाग व शाई स्वस्त असते. म्हणजे जुनी किंमतरचनाच उलटी केलेली आहे. भारतातही असे मुद्रक लवकरच लोकप्रिय झाले. भारतात रिकामी वस्तू भरून वा दुरुस्त करून वापरणे ही नित्याची गोष्ट असल्याने कार्ट्रिज भरून देणारी दुकाने शहरोशहरी निघाली होती; टाकीच्या मुद्रकांनी त्यांच्या व्यवसायाचा काही भाग ओढून घेतला. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. तिने प्रथम शेती-अवजारे, भ्रमणध्वनी, घरगुती टिकाऊ वस्तू व वाहने या क्षेत्रांवर भर दिला.

पर्यायी कार्ट्रिजांमुळे मुद्रण स्वस्त झाले व पुनर्भरणामुळे प्लॅस्टिकचा कचरा काही अंशी टळला. दुसरीकडे हलक्या शाईने मुद्रकही बिघडले. मात्र या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न शाईच्या दर्जाचा नाही. हलकी शाई वापरून स्वतःचे यंत्र बिघडविण्याचा धोका पत्करावा की नाही, हे मालकाने ठरवावे, अशी मालकीची पारंपरिक कल्पना आहे. यंत्र विकल्यानंतरही निर्माता हा निर्णय दुरून घेऊ शकतो, ही परिस्थिती नवी असून तिच्याविषयी सर्व देशांत एकच नियम अद्याप ठरलेला नाही.