कळंबोलीच्या जमिनीचे कागद

कळंबोली म्हटले की लोखंडाचा बाजार आणि ट्रकच्या रांगा आठवतात. मी मात्र आज तिथल्या भातखाचरांविषयी, खरे तर त्यांच्या कागदांविषयी बोलणार आहे.

१९७० साली सिडको स्थापन झाली. नवी मुंबईसाठी ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले, कळंबोली त्यांतलेच. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली.

पण भूखंड मागायचा तर आजोबांची जमीन गेली, हे सिद्ध करायला हवे! सात-बारा, फेरफार, भूसंपादनाचा निवाडा, वारसनोंद. त्यात जुनी नोंद मोडीत असली तर नातवाने ती वाचावी कशी? सात-बाऱ्याची नक्कल फी भरून पूर्वीही मिळे. आपला अर्ज कोणत्या टेबलावर आणि का अडला, हे मात्र कोणी सांगत नसे.

अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००३ मध्ये महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा लागू झाला. देशाचा १२ ऑक्टोबर २००५ पासून. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत, नाहीतर अपील. हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच कायद्याने फाइल स्वतः बसून पाहण्याचा आणि टिपणे घेण्याचा हक्कही दिला आहे. मला तो अधिक मोलाचा वाटतो, कारण कोणती प्रत मागायची हे फाइल उघडल्यावरच कळते. तेव्हा अर्जात ‘प्रत द्यावी’ याआधी ‘अभिलेख पाहू द्यावा’ असे जरूर लिहा.